मी कुठं घोरते!

पुतणीच्या लग्नाला हळदीच्या रात्री आम्ही चौदा-पंधरा बायका कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये ओळीनं गाद्या टाकून झोपलो होतो. सकाळी चहाला खाली आले तर जी ती माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावतीय. नणंदेनं रात्री माझा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलेलं, ‘वहिनींची सॉ मिल’. मी तडक ग्रुपमधून बाहेर पडले. संध्याकाळी परत आले, कारण आहेराचा हिशेब माझ्याकडं होता.

तो व्हिडिओ मी पहिल्यांदा बाथरूमचं दार लावून, आवाज बंद करून पाहिला. मग आवाज अगदी बारीक करून. ५३ सेकंदांचा आहे. आधी घोरणं, चढत चढत जाणारं. मग एकदम शांत. तोंड उघडं, पोट मात्र जोरजोरात वरखाली होतंय. नणंदेच्या हसण्यानं मोबाइल हलतोय, मागून कोणीतरी म्हणतंय, “गिअर बदलतीय, गिअर!” आणि मग घशातून एक मोठा आचका, की करवत पुन्हा चालू. सगळ्यांनी हसायचं ते त्या आचक्याला हसून घेतलं. मधल्या शांततेत माझं काय चाललं होतं, हे कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. मला फक्त लाज वाटली. पुरुष घोरला तर दमून आलेला असतो; बाई घोरली की तिचा विनोद होतो.

माझं वय ५४. सांगलीत एका पतसंस्थेत सत्तावीस वर्षं नोकरी. अंथरुणाला पाठ टेकली की झोप, ही माझी ख्याती. सांगलीहून कोल्हापूरला निघालेली एसटी अंकलीचा पूल ओलांडायच्या आत माझा डोळा लागलेला असायचा. ‘नशीबवान आहेस बाई, आम्हाला गोळी घ्यावी लागते,’ असं मैत्रिणी म्हणायच्या आणि मलाही ते खरं वाटायचं. फक्त सकाळी उठल्यावर डोकं जड, कपाळावर पाटा ठेवल्यासारखं. रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला उठायचं. साखर तीनदा तपासून झाली, तिन्ही वेळा व्यवस्थित. थायरॉइडची गोळी चालूच होती, तिचा डोस वाढवून झाला. पाळी जाऊन चार वर्षं झालेली, त्यामुळं जे काही होईल ते त्या खात्यावर टाकायची सगळ्यांना सवय लागलेली. ‘या वयात व्हायचंच’ हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं, त्याची नोंद ठेवायला हवी होती.

बीपीच्या तीन गोळ्या चालू होत्या आणि तरी वरचा आकडा १६० च्या खाली येत नव्हता. आमचे फिजिशियन वैतागून म्हणाले, “मीठ बंद केलंत ना? गोळ्या वेळेवर घेता ना?” आणि मग सहज विचारावं तसं, “घोरता का?”

“छे! मी कुठं घोरते.”

हे शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी वर पंख्याकडं बघितलं. गेली सहा वर्षं ते बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपत होते, ‘मला पंख्याचं वारं सोसत नाही’ म्हणून. दिवाण बरोबर पंख्याखाली आहे. घरी आल्यावर मी विचारलं, “अहो, बोलला का नाहीत?” तर म्हणाले, “परक्यासमोर बायकोला घोरतेस म्हणू?”

पुढच्याच महिन्यात रेल्वे फाटकापाशी तो प्रकार झाला. सकाळची पावणेदहाची वेळ, फाटक पडलेलं. मी स्कूटी बंद करून, दोन्ही पाय टेकून उभी. पुढचं आठवतं ते मागच्या टेम्पोचा हॉर्न आणि एका शाळकरी पोराचं “काकू, ओ काकू!” फाटक उघडून समोरची रांग निघून गेली होती. मी उभ्या गाडीवर, हेल्मेट घालून झोपले होते. हे मी घरी सांगितलं नाही. फक्त मुलीला फोनवर सांगितलं, तर चार दिवसांनी ती पुण्याहून आली. ती मला परत त्याच डॉक्टरांकडं घेऊन गेली आणि काही न बोलता तिनं मोबाइल त्यांच्यापुढं धरला. सॉ मिल. डॉक्टरांनी घड्याळाकडं बघत ती शांतता मोजली. १९ सेकंद. “झोपेत दहा सेकंदांच्या वर श्वास थांबला की आम्ही तो धरतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात,” ते म्हणाले आणि मिरजेच्या छातीविकारतज्ज्ञांना चिठ्ठी लिहून दिली. नणंदेला अजून माहीत नाही की तिच्या व्हिडिओची केस पेपरात नोंद आहे.

मिरज हे डॉक्टरांचं गाव, तिथल्या बाकांवर बसणं मला नवीन नव्हतं. पण झोपेसाठी एवढी माणसं येत असतील असं वाटलं नव्हतं. माझ्या शेजारी एक आजी होत्या, नाकावर पट्टी. त्यांचे यजमान रात्री स्वप्नात मारामारी करतात, ओरडतात, हातपाय झाडतात. आजींना गुद्दा बसला होता. आजोबा इतके गरीब दिसत होते की मला आधी खोटंच वाटलं. समोर एक तरणा मुलगा होता, कंपनीत आलटून पालटून रात्रपाळी करणारा, दिवसा झोप येत नाही म्हणून आलेला. आम्ही तिघं एकाच आजाराचे असणार अशी माझी समजूत. तसं नव्हतं.

आधी एक फॉर्म भरायचा. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमधल्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये काढलेली आठ प्रश्नांची यादी. वाचताना झोप येते का, टीव्ही बघताना, तासभर गाडीत बसल्यावर, दुपारी जेवून स्वस्थ बसल्यावर, कोणाशी बसून बोलताना... प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. दहाच्या वर गेलात तर गडबड. मी पेनानं सात लिहिले. ह्यांनी चष्मा लावला, फॉर्म ओढून घेतला आणि एकेक आकडा खोडून बदलला. ‘बोलताना’ला मी शून्य दिला होता, त्याचा त्यांनी दोन केला. “परवा बहिणीशी फोनवर बोलता बोलता झोपलीस की.” बेरीज १७. पंख्याकडं बघणाऱ्या माणसाचं तोंड एकदाचं उघडलं.

दुसरा एक फॉर्म होता त्यात घोरणं, थकवा, बीपी, वजन, मानेचा घेर असं सगळं असून शेवटी ‘पुरुष असल्यास एक गुण’. डॉक्टर म्हणाले, पुरुषांत हा आजार जास्त खरा, पण पाळी गेल्यावर बायकांतही तो वाढतो, कारण घशाच्या स्नायूंना ताठ ठेवायला मदत करणारी हार्मोन्स कमी होतात. आणि बायका घोरण्याची तक्रार घेऊन येतच नाहीत. त्या थकवा, डोकेदुखी, चिडचिड, झोप न लागणं घेऊन येतात आणि भलत्याच गोळ्या घेऊन परत जातात. मग त्यांनी मानेला टेप लावला, ३९ सेंटिमीटर. जीभ बाहेर काढायला सांगून टॉर्च मारला आणि म्हणाले, “पडजीभ दिसतच नाही.” वजन माझं ७१. मी काही फार जाड नाही, असं मी म्हणाले. “नुसतं वजन नसतं,” ते म्हणाले, “जबडा लहान असला की जिभेला मागं सरकायलाच जागा उरते.” माझा जबडा आईवर गेलाय. आईही घोरायची. आम्ही भावंडं हसायचो.

मग रात्रभर तिथंच झोपवून तपासणी करायची ठरली. त्या रात्रीच्या सूचना लग्नाच्या यादीसारख्या होत्या. केस धुऊन या, तेल नको. गजरा नको. नेलपॉलिश नको, कारण बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लागतो. दुपारनंतर चहा नको, दुपारची झोप नको. हवी तर आपली उशी आणा. मी उशी, चादर आणि डबा घेऊन साडेआठला हजर. खोली साधीच, लॉजसारखी, फक्त कोपऱ्यात कॅमेरा.

वायरी जोडायला जयसिंगपूरची एक मुलगी होती. तिनं भांग पाडून पाडून डोक्यावर मापं घेतली, खरबरीत मलमानं एकेक जागा घासली आणि पांढऱ्या चिकट लगद्यात बुडवलेल्या टिकल्या बसवल्या. डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीला, छातीला, दोन्ही नडग्यांना. नाकाशी नळी, गळ्याशी बारका माइक, छातीला आणि पोटाला पट्टे. “मंगळसूत्र काढू का?” “असू द्या काकू, बाजूला सरकवते.” सगळ्या वायरी एका डबीत. त्या मी मोजल्या, बावीस. ती शेजारच्या खोलीत गेली आणि भिंतीतल्या स्पीकरमधून तिचा आवाज आला: “काकू, डोळे डावीकडं, उजवीकडं. पापण्या पाच वेळा मिटा. पाय हलवा. आता घोरल्याचा आवाज काढा.”

“काय?”

“घोरून दाखवा. माइक तपासायचाय.”

सहा वर्षं मी जे नाकारलं ते परक्या गावात, कॅमेऱ्यासमोर, जागेपणी करायचं होतं. पहिल्या वेळी खोकलाच आला. दुसऱ्या वेळी जमलं. “छान,” ती म्हणाली.

त्या रात्री मी झोपलेच नाही, असं मी सकाळी शपथेवर सांगितलं असतं. दोनदा लघवीला उठले, दोन्ही वेळा ती मुलगी येऊन डबी सोडवायची आणि मी ती गळ्यात अडकवून जायचे. सकाळी साडेपाचला वायरी निघाल्या. त्या लगद्यानं केसांचे झालेले गोळे शिकेकाईला दाद देईनात, तीनदा शाम्पू लागला. दहा हजारांच्या आसपास खर्च आला आणि मी ह्यांना म्हणाले, “फुकट गेले, डोळ्याला डोळा लागला नाही.”

अहवालात झोप ५ तास १२ मिनिटं. आपण किती झोपलो हे झोपलेल्या माणसाला कळत नाही, हे तिथं समजलं. तासाला ३८ वेळा श्वास बंद पडलेला किंवा अर्धामुर्धा झालेला. पाचपर्यंत चालतं, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. रक्तातला ऑक्सिजन खाली ७६ टक्क्यांपर्यंत गेलेला. एकेका खंडाची सरासरी २२ सेकंद. मी सवयीनं तिथंच पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर गुणाकार केला. १९८ वेळा. सगळे खंड जोडले तर जवळजवळ सव्वा तास होतो. सर्वांत मोठा खंड ५१ सेकंदांचा, पहाटे चारच्या सुमाराला, उताणी असताना.

पहाटेच का, हे विचारल्यावर डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. झोप एकसारखी नसते. हलकी, मग गाढ, मग जिच्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि जिवंत स्वप्नं पडतात ती, असा साधारण दीड तासाचा फेरा. रात्रीतून चार-पाच फेरे, आणि पहाटेकडं स्वप्नांची झोप जास्त. त्या झोपेत मेंदू हातापायांना कुलूप घालतो, नाहीतर आपण स्वप्नातलं सगळं खरंच करत सुटू. बाकावरच्या आजोबांचं हे कुलूप नीट लागत नसावं. (असं उतारवयात झालं तर पुढं काही वर्षांनी कंपवाताची शक्यता असते, म्हणून अशांवर लक्ष ठेवतात.) कधी जाग आधी येते आणि कुलूप मागाहून निघतं, तेव्हा डोळे उघडे पण हलता येत नाही. त्यालाच आपल्याकडं छातीवर भूत बसलं म्हणतात. आणि माझ्यासारख्यांचा घसा मुळातच अरुंद. झोपेत तो सैल पडतोच, पहाटे सगळे स्नायू ढिले सुटले की पडजीभ, जीभ सगळं मागं पडून वाटच बंद. छाती-पोट ओढत राहतात, हवा आत जात नाही. ऑक्सिजन उतरला की मेंदू घाबरून क्षणभर जागा करतो, तो आचका. मला त्याची आठवण राहत नाही, पण शरीराच्या वहीत नोंद होते. प्रत्येक आचक्याला बीपी उसळतं, असं १९८ वेळा. मग गोळ्या तरी काय करणार. लघवीचंही कोडं सुटलं. बंद वाटेतून छाती हवा ओढते तेव्हा हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालं, आणि ते किडनीला निरोप धाडतं. साखर बिचारी उगाच तीनदा तपासली.

“म्हणजे मला कुठंही झोप लागते ती...”

“थकबाकी,” डॉक्टर म्हणाले. हा शब्द मला समजावून सांगावा लागला नाही.

मी पर्समधल्या चिठ्ठीकडं बघून कबूल केलं की रात्री सारखी जाग येते म्हणून मैत्रिणीनं सुचवलेली झोपेची अर्धी गोळी मी महिनाभर घेतली होती. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच कडक झाला. तशा गोळ्यांनी घसा आणखी सैल पडू शकतो, आणि जो आचका मला वाचवतो तो उशिरा येतो.

निघता निघता मी सासूबाईंचं विचारलं. त्या जाऊन नऊ वर्षं झाली. रोज रात्री ‘पायात किडे वळवळतात गं’ म्हणून त्या पाय दाबून घ्यायच्या. पडलं की वळवळ, उठून चार पावलं चाललं की बरं. मी दिवसभराची दमलेली. मनात म्हणायचे, नाटकं. डॉक्टर म्हणाले, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण वर्णन ओळखीचं आहे. त्यालाही नाव आहे, रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, आणि उपायही आहे. पुष्कळदा अंगातलं लोह कमी असतं, लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनची तपासणी करतात. रक्ताची एक तपासणी. परतताना बसमध्ये त्या दिवशी मला झोप लागली नाही.

आता मशीन. सीपॅप म्हणतात त्याला. १९८० साली सिडनीत डॉ. कॉलिन सलिवन यांनी व्हॅक्यूम क्लीनरसारखा पंखा उलटा वापरून रुग्णाच्या नाकात हवा सोडली, तीच युक्ती. औषध नाही, ऑक्सिजनही नाही. साधी खोलीतली हवा, जरा दाबानं. त्या दाबानं घसा मिटत नाही, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की ती चपटी राहत नाही तसं. आधी पंधरा दिवस भाड्यानं, पटलं तर विकत. मला ४८ हजारांना पडलं.

पटलं म्हणायला फार दिवस गेले. पहिल्या रात्री नाकातोंडावरचा मोठा मास्क लावला आणि चाळिसाव्या मिनिटाला ओरबाडून काढला. विहिरीत तोंडावर उशी धरल्यासारखं वाटलं. दुसऱ्या रात्री तोंड कोरडं ठणठणीत, पोटात हवा भरून सकाळी ढेकरा. तिसऱ्या दिवशी नाकावर लाल वळ, ऑफिसात शिपायानं विचारलं, “मॅडम, पडलात?” मुलगी व्हिडिओ कॉलवर गणपती म्हणाली. मी मशीन खोक्यात भरलं आणि जयसिंगपूरच्या त्या मुलीला फोन लावला, परत न्या म्हणून. ती म्हणाली, “काकू, रात्री नका लावू. संध्याकाळी मालिका बघताना लावा, अर्धा तास. भाजी निवडताना लावा.” मी खरोखर मेथी निवडताना लावलं. दोन्ही हात कामात असले की नाकाचं भान राहत नाही. मग तिनं मास्क बदलून दिला, नाकपुड्यांशी फक्त दोन मऊ बोंडं असलेला. हवेला ओल देणारी पाण्याची टाकी चालू केली. दाब हळूहळू चढेल असं करून दिलं.

अकराव्या रात्री साडेदहाला पडले आणि जाग आली तेव्हा दूधवाला खाली भांडं वाजवत होता. मी तशीच पडून राहिले. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं की मी रात्रीतून एकदाही उठले नव्हते. आणि कपाळावर पाटा नव्हता.

जादू काही झाली नाही. बीपीची एक गोळी चार महिन्यांनी कमी झाली, दोन आहेत. वजन तीन किलो उतरलं, तेही चालायला लागले म्हणून. हार्ट ॲटॅक टळेलच अशी हमी डॉक्टरांनी दिली नाही, मी विचारून बघितलं. मशीन आपल्या पोटात रोजचा हिशेब ठेवतं. तासाला ३८ चे ३ झालेत. रोज मास्क साबणानं धुवायचा, टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं, लाइट गेली की धडपडत उठायचं, म्हणून खोलीला इन्व्हर्टरची लाइन ओढून घेतली. पण कोल्हापूरला जाताना अंकलीचा पूल मी आता दरवेळी बघते.

मशीनचा आवाज अगदी बारीक येतो, म्हणून हे दिवाण सोडून आत झोपायला आले. सहा वर्षांनी. पहिल्या आठवड्यात एका रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली. मास्कची हवा कुठून गळत असेल असं वाटून तपासलं, तर मास्क ठीक. आवाज शेजारून येत होता. चढत चढत गेला आणि थांबला. मी अंधारात मोजायला लागले. अकरा, बारा, तेरा... चौदाला आचका.

सकाळी चहा देताना म्हटलं, “अहो, मिरजेला जाऊन येऊ या.”

“कशाला?”

“रात्री घोरत होता.”

“छे! मी कुठं घोरतो.”

मी व्हिडिओ काढून ठेवलाय. ग्रुपवर टाकलेला नाही. अजून तरी.